कापसाच्या खोलीतला खोकला

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला झोप येते. आदिलाबाद जिल्ह्यात, इचोड्याजवळच्या एका मराठी शाळेत मी सायन्स शिकवते. आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या आत येत नाहीत. तरी हे वाचून ‘मॅडमलाही बाहेरचं लागलं वाटतं’ असं कोणी म्हणालं, तर म्हणो बापडा!

धाकटा भाऊ विशाल डिग्रीसाठी आदिलाबादला रूम करून राहायचा. तिथे त्याला गांजा लागला... आधी कधीमधी, मग रोज. मी भांडले की मलाच शिकवायचा, “ताई, झाडपालाच त हाय. लोकं बैलाले बी चारतात.”

“बैलाले परीक्षा नसते रे बाबा!”

कापूस वेचणीच्या दिवसांत तो घरी आला तो वेगळाच. जेवण नाही, झोप नाही, छाती धडधडते म्हणायचा. शेजारी आपल्याबद्दलच कुजबुजतात असा संशय. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव चढेपर्यंत घरातच भरतात. त्या ढिगावरच विशाल झोपायचा. एका सकाळी तो ओरडत बाहेर आला, “कापसात कोणीतरी खोकलून राह्यलं!”

आईच्या प्रतिज्ञा गेल्या कुठल्या कुठे. “पोराले बाहेरचं लागलं वं. उटनूरकडं एक जाणता हाय...”

“जाणता नाही, डॉक्टर,” मी म्हटलं, आणि त्याच दिवशी दोघांना घेऊन आदिलाबाद गाठलं.

डॉक्टर हिंदीत बोलत होते, मी आईला मराठीत सांगत होते. कमी वयात रोज गांजा ओढला तर काहींचं डोकं असं फिरतं — नसलेले आवाज ऐकू येतात, संशय येतो. धडधडही त्यानेच. सोडल्यावर सुरुवातीला चिडचिड होईल, झोप उडेल. बरेच जण सुधारतात. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पुन्हा ओढला तर पुन्हा हेच, आणि मग कदाचित कायमचं.

मी ठरवलं — हा पोरगा मी हातचा जाऊ देणार नाही. रोज संध्याकाळी गोळी माझ्यासमोर, जीभ वर करून दाखवायची. त्याने ताटं फेकली, मला नाही नाही ते बोलला. पण मीही त्याचीच बहीण! हळूहळू तो जेवायला लागला, झोपायला लागला. खोकल्याचा आवाजही बंद झाला.

मग एका रविवारी दुपारी कापूस न्यायला गाडी येणार होती. मी एकटीच खोलीत कापूस भरत होते. विशाल अंगणात, आई चुलीपाशी.

आणि कोणीतरी खोकलं... तोंडावर हात धरून माणूस खोकतो ना, तसं. ढिगाच्या आतून.

मी दोन्ही हातांनी कापूस उपसला. काही नाही. पुन्हा आवाज — आता अगदी माझ्या कोपराजवळ. खोटं कशाला बोलू, रडूच आलं.

मागे वळले तर दारात विशाल.

“ताई, तुले बी आलं ना ऐकू?” त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटका होती. “म्हंजे मी येडा नव्हतो. मंग गोळ्या कायले?”

त्या खोकल्यापेक्षा मी ह्या प्रश्नाला जास्त घाबरले. ‘नाही’ म्हटलं असतं तर काम सोपं होतं. पण माझं तोंड त्याने पाहिलं होतं.

“आलं ऐकू,” मी म्हटलं. “तरी गोळी घ्यायची.”

“पण ताई...”

“आत कोणी असंल, तर त्याचं मी पाहून घेईन. पण गांजानं तुझं काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय. गोळी घ्यायची, विशाल.”

तो पाय आपटत निघून गेला. गाडी आली, फरशी दिसेपर्यंत खोली रिकामी झाली. उंदराचं बीळ नाही, मांजर नाही, भिंतीला भेग नाही. पुढे डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, भावाच्या काळजीने मनावर ताण येतो, होतं असं. असेल. मला पटलेलं नाही, आणि दुसरं कारणही आजवर सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळी विशाल घुश्श्यातच आला, माझ्यासमोर हात पसरला.

“दे,” म्हणाला. “तू खोटं नाई बोलली, म्हणून घेऊन राह्यलो.”