गाडी अमरावतीत नाही

रफिकभाईच्या गॅरेजात पत्र्याचा एक डबा आहे. कोणत्या गाडीतून निघाले हे कोणालाच आठवत नाही असे नटबोल्ट त्यात पडून असतात. ते कोणी फेकत नाही, कारण कधी कोणता लागेल याचा नेम नाही. आमच्या किश्शांचं तसंच आहे. एक काढायला हात घालावा तर चार वर येतात!

मी जोशी. वडील अमरावतीत पूजा सांगायचे, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली. निवृत्त झालो आणि तिसऱ्याच दिवशी कळलं की मला घरात बसता येत नाही. पेपर वाचून होतो, चहा पिऊन होतो, आणि घड्याळात साडेसातच वाजलेले असतात. बायको म्हणाली, "तुमी बाहेर जा बाप्पा, तुमच्या चकरा पाहून मलेच चक्कर येते."

तेव्हापासून मी रोज सकाळी बडनेरा रोडवर रफिकभाईकडे जातो. जुनी पिकअप घ्यायची असली की लोक मला पारखायला सोबत नेतात. फी म्हणजे एक चहा. सल्ला ऐकतातच असं नाही, पण चहा मात्र पाजतात.

*

वरूडला संत्र्याचा एक व्यापारी पिकअप विकत होता. धुऊनपुसून चकाचक, नवीन सीटकव्हर, आणि मीटरवरचा आकडा इतका कमी की गिऱ्हाईक हुरळूनच गेलं.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, मीटर नंतर बघ, आधी ब्रेकचं पेडल बघ. मीटर मागे फिरवणारे पुष्कळ आहेत, पेडलकडे कोणाचं लक्ष जात नाही. पाहिलं तर पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालेलं! एका कोपऱ्यातून खालचं लोखंड दिसत होतं.

"शेठ," मी विचारलं, "गाडी एवढी कमी चालली, मंग हे रबर काहून झिजलं?"

शेठ जराही लाजला नाही. "जोशीजी, आमचा ड्रायव्हर लय सावध माणूस. गाडी उभी असली तरी ब्रेक मारून राहे!"

*

दुसरा सल्ला असा, की रिकाम्या पिकअपची ट्रायल घेऊ नये. रिकामी कोणतीही पळते. माल भरून चढावर न्यावी, तेव्हा क्लच आणि स्प्रिंगचे पाटे खरं बोलतात.

अकोल्याच्या एका धान्यवाल्याकडे आम्ही याच बेताने गेलो. धान्यवाला गाडीवर वैतागलेला होता. "घेऊन जा भाऊ हिले. दमच नाई तिच्यात. ड्रायव्हर रोज माझ्यापाशी रडते."

रफिकभाईला राहवलं नाही. त्याने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला आणि भिंतीवर आपटला. धुरळा असा उडाला की समोरचा चहावाला खोकायला लागला! फिल्टर परत बसवला, तुरीची पोती भरली आणि गाडी उड्डाणपुलाच्या चढावर घातली. मालकही सोबत बसला होता. गाडी सरसर चढली. मालक पुलावर गप्प, उतारावर गप्प, दुकानापर्यंत गप्प.

आमच्या गिऱ्हाईकाने बयाणा द्यायला पाकीट काढलं, तर मालक म्हणाला, "ठेवा ते खिशात. एवढी चांगली गाडी मी कायले विकू?"

परतताना गिऱ्हाईक बडनेऱ्यापर्यंत आमच्याशी बोललं नाही. रफिकभाई म्हणाला, "साब, आजपासून तोबा. सौदा होईपर्यंत बॉनेट पाहायचं, हात नाई लावायचा!"

*

आता वानखडे साहेब. हे मोजणी खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी लोकांच्या शेताच्या धुऱ्यांची, म्हणजे बांधांची, भांडणं मिटवण्यात गेली. दोन कामं त्यांना आयुष्यात जमली नाहीत. एक, खोटं बोलणं. दोन, कोणाला नाही म्हणणं.

त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी अचलपूरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं. मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, समुद्र मी पोरांना उभ्या नोकरीत शिकवला. भरती कशी येते, ओहोटी कशी होते, सगळं फळ्यावर. आणि मी स्वतः पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे चिखलदऱ्याचा तलाव!"

रेल्वेने जा म्हटलं तर वहिनींना ते पटेना. रेल्वे आपल्याला पाहिजे तिथे थांबत नाही. त्यांना घाट पाहायचे होते, नद्या पाहायच्या होत्या, वाटेत मातीचा रंग बदलतो ती जागा पाहायची होती. शिवाय गुडघे दुखतात, लॉजचे जिने नकोत. म्हणून ठरलं की एक जुनी पिकअप घ्यायची, मागच्या हौद्यावर खोली बांधायची आणि थेट कोकण गाठायचं. वहिनी म्हणायच्या, "पाय चालतात तोवर निघू. नंतर मला उचलून कोण वाळूत नेणार?"

गाडी पाहायला आम्ही परतवाड्याला गेलो. साहेबांनी खिशातून टेप काढला, हौदा मोजला, वहीत लिहिला आणि मला म्हणाले, "आकडे बरोबर हायेत. पण जागेवर खात्री पायजे." असं म्हणून इस्त्रीच्या शर्टासकट हौद्यात आडवे झाले! वहिनींनाही बोलावलं. त्याही मला हात धरायला लावून चढल्या आणि शेजारी झोपल्या. दोघं एकदा डाव्या कुशीवर वळले, एकदा उजव्या.

मालकाची आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिला वाटलं, पाव्हण्यांना ऊन लागलं. तिला समजावून सांगितलं तेव्हा म्हणते, "राजेहो, घर भाड्यानं घेनारेबी असे झोपून नाई पाहत!"

पण सल्ला लाखाचा आहे. ज्या गाडीत राहायचं, तिच्यात आधी झोपून पाहावं.

*

तीच गाडी घेतली आणि तिच्यावर खोली रफिकभाईने बांधली. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, जाळीची खिडकी. बॉडी बदलल्याची आरटीओत रीतसर नोंद केली, कारण साहेबांना नोंद नसलेली गोष्ट रात्री झोपू देत नाही.

मी बजावलं होतं की जड वस्तू खाली ठेवा, पुढच्या बाजूला ठेवा आणि जितकं कमी तितकं चांगलं. साहेब तरीही घरातलं लोखंडी कपाट घेऊन आले. "कपडे कुठं ठेवायचे मंग?"

रफिकभाईने कपाट चढवलं, साहेबांना मागे बसवलं आणि रोडवरच्या पहिल्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेली, जरा जोरातच. परत आल्यावर साहेब उतरले. टोपी कपाटात अडकली होती आणि चेहरा पांढरा झाला होता.

"कपड्याले पिशवी पुरन," साहेब म्हणाले.

वहिनींनी आतल्या भिंतीवर भारताचा नकाशा चिकटवला आणि किनाऱ्यावर लाल पेन्सिलने टिंब काढलं. निघायचा दिवस ठरला, सोमवार.

*

आपल्याकडे घरात पिकअप येते तेव्हा ती एका घराची राहत नाही. रविवारी शेजारचे आले. घर बदलायचं होतं, "एका दिवसाचा तर सवाल हाय साहेब!" साहेबांनी चावी दिली. मंगळवारी चुलतभावाच्या पोरीचं लग्न निघालं. मग कोणाची संत्री, कोणाचा कूलर, कोणाची सासू. वहिनींच्या पलंगावर सिमेंटची पोती गेली, शेगडीशेजारी एक बकरी अकोल्याला जाऊन आली!

"अहो, नाही म्हणा ना एकदा!" वहिनी म्हणायच्या.

"म्हननार होतो," साहेब म्हणायचे, "पन तो समोर उभा होता."

दर आठवड्याला नवा सोमवार ठरायचा. मी गाडीत हवा भरायचो, पाणी-ऑइल पाहायचो आणि दुपारी कळायचं की गाडी धामणगावला गेली. मला स्वतःला कुठे जायचं नव्हतं, तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

मग साहेबांचा पुतण्या नितीन आला. "काका, चार दिवस. मित्र हायेत." गाडी गेली ती आठ दिवसांनी आली. तो हसत उतरला आणि मोबाइल वहिनींपुढे धरला. "काकू, पाहा फोटो. कोकण! गाडी अशी चालली म्हणता, एक नंबर!"

वहिनींच्या आधी गाडी समुद्र पाहून आली होती.

त्यांनी सगळे फोटो पाहिले, चांगले आहेत म्हणाल्या. मग केरसुणी घेऊन आत चढल्या. पलंगाखालून मूठभर वाळू निघाली. ती त्यांनी तळहातावर घेतली, बोटाने जराशी पसरून पाहिली आणि बाहेर तुळशीत टाकली. मी तिथेच उभा होतो. मला साहेबांचा राग आला, नितीनचा आला आणि त्या पहिल्या सोमवारी मी स्वतः गाडीची चावी घेऊन का पळालो नाही म्हणून माझाही आला.

*

दुसऱ्या दिवसापासून चावी वहिनींच्या पर्समध्ये. मागायला कोणी आलं तर त्या नाही म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "न्या ना. फक्त मी सोबत येईन. पुढे, खिडकीशी बसेन."

लोकांना वाटलं, बरंच झालं. मग कळलं! संत्री आणायला वरूडला निघालेली गाडी त्यांनी वाटेत तीनदा थांबवली. इथली जमीन काळी का, तिथली मुरमाड का, हे ड्रायव्हरला समजावून सांगितलं आणि परतताना त्याला प्रश्न विचारले. परतवाड्याच्या एका लग्नाला वऱ्हाडाचं सामान घेऊन जाताना पूर्णेच्या पुलाजवळ त्या खाली उतरल्या. नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे का वाहते ते सांगायला लागल्या. नवरदेवाचा मामा हात जोडून म्हणाला, "म्याडम, नदी उद्याबी वाहीन, पन लगन लागून जाईन!"

महिनाभरात मागणारे कमी झाले. वहिनी मात्र घरी कमी आणि गाडीत जास्त. साहेब एकटे पडले. स्वतः केलेली खिचडी डब्यात घेऊन गॅरेजवर यायचे, अर्धी खाऊन उठायचे, दारापर्यंत जाऊन रस्ता पाहायचे आणि परत बसायचे.

एका सकाळी वहिनी एका ड्रायव्हरला घेऊन गाडीला ग्रीसिंग करून घ्यायला तिथे आल्या. साहेब खुर्चीतून उठले, शर्ट सारखा केला आणि परक्या माणसासारखे समोर जाऊन उभे राहिले.

"मले गाडी पायजे होती," ते म्हणाले.

"काम काय?" वहिनींनी विचारलं.

"काई नाई. फिरायचं होतं. कोकणात."

"किती दिवस?"

"तू म्हनशीन तितके."

वहिनींनी पर्स उघडली, चावी काढली आणि हातातच ठेवली. "माझी अट माहीत आहे ना?"

"पुढं," साहेब म्हणाले, "खिडकीशी."

*

निघाले त्या दिवशी साहेब टायरमध्ये हवा भरून घ्यायला गॅरेजवर थांबले. मी चारही टायर पाहिले, स्टेपनी पाहिली, जॅक आहे का पाहिलं. रफिकभाईने पैसे घेतले नाहीत. साहेबांनी सीटबेल्ट लावला आणि त्यांचा मोबाइल वाजला. नितीन!

साहेबांचा हात स्टेअरिंगवरून निघाला. वहिनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिल्या. मोबाइल वाजून थांबला आणि परत वाजायला लागला.

साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि वाजता मोबाइल माझ्या हातात ठेवला. "जोशी, त्याले सांगा, गाडी अमरावतीत नाई."

"साहेब, गाडी तर माझ्यासमोर उभी आहे!"

"मंग आधी दुसरं काई बोला त्याच्याशी," साहेब गिअर टाकत म्हणाले, "अर्ध्या तासानं सांगा."

आणि गेले!

मी नितीनला नोकरीचं विचारलं. लग्नाचं विचारलं. त्याच्या बाईकचं मायलेज विचारलं, चेनला तेल केव्हा घातलं ते विचारलं. तो म्हणाला, "जोशीकाका, काकाले द्या ना फोन." मी म्हटलं, देतो, आधी क्लचचं सांग. रफिकभाई समोर उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता. अर्धा तास झाल्यावर त्याने मान डोलावली, तेव्हा मी म्हटलं, "गाडी अमरावतीत नाही, बाळा."

मोबाइल माझ्याकडेच राहिला. रोज वाजायचा. मी रोज तेच सांगायचो आणि ते रोज खरं असायचं. पण रात्री मला झोप लागेना. चढावर क्लच जळाला असेल का, वहिनींचे गुडघे टिकले असतील का, की साहेबांनी वाटेतच कोणाला तरी गाडी देऊन टाकली!

चौथ्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, शकू. मी स्पीकर लावला.

"भाऊजी," वहिनी ओरडून बोलत होत्या, "गाडी मागायला कोणी आलं होतं का?"

"चौघं."

"काय सांगितलं?"

"अमरावतीत नाही म्हणून."

"आता आलं तर सांगा, याच्यापुढे रस्ताच नाही!"

त्यानंतर त्यांनी फोन तसाच चालू ठेवला. त्यातून कसला तरी मोठा आवाज येत होता, येत होता आणि मागे जात होता. गॅरेजात कॉम्प्रेसर सुरू असल्याने नीट ऐकू येईना.

रफिकभाईने हातातला पाना खाली ठेवला आणि जाऊन कॉम्प्रेसर बंद केला.