अर्धी साक्ष

देवाने आपल्यासाठी काय केलं, ते आमच्या काष्टीच्या चर्चमध्ये उभं राहून सांगतात. त्याला साक्ष म्हणतात. आईच्या आजारपणाची साक्ष मी तिथे कितीदा तरी दिली. सगळ्यांनी प्रार्थना केली आणि अंथरुणाला खिळलेली आई सकाळी उठून चुलीपाशी बसली, इथे मी थांबायचे. पुढचं सांगायची गरजच नव्हती. महिन्याभरात तिला मूठमाती द्यायला तेच लोक आले होते.

चर्चतर्फे केनियातल्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला गेले, तिथेही साक्ष देताना सवयीने तिथेच थांबले. टाळ्या पडल्या. मेल्या त्या टाळ्या मला आवडल्याही.

निघायच्या दिवशी बसपाशी गळाभेटी चालल्या होत्या. तिथल्या स्वयंपाकघरात राबणारी बाई ओल्या हातांनीच धावत आली. तिची मुलगी वर्षभर अंथरुणात होती.

"तुझ्या आईचं तिला सांगितलं," ती तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आज तिने स्वतःहून खायला मागितलं. आई कशी आहे तुझी?"

ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"बरी आहे," मी म्हणाले. "तुझ्या मुलीला सलाम सांगितलाय तिने."