तीन घरांत बसणारे देव

व्हिडिओ गेमच्या मशीनमध्ये देव असतो हे मला नाशिकला नोकरी लागल्यावर कळलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रविवार कारंजाजवळच्या एका गाळ्यात तीन मशिनं आली होती. गाळ्याचे शेठ सकाळी दुकान उघडलं की त्यांना उदबत्ती ओवाळत आणि खंडेनवमीला झेंडूचे हार घालत. गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. टोकन टाकायच्या आधी मशीनला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा, आणि मग शत्रूची विमानं पाडायची.

चांगले गुण झाले की मशीन तीन इंग्रजी अक्षरं लिहायला सांगे. ती खरं तर खेळणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. पण शेठनी कुणाला तरी सांगून ठेवलं होतं, की तिथे देवाचं नाव घाला, पुढचा डाव हमखास लागतो. झालं! पडद्यावर आर-ए-एम, एस-ए-आय यांची रांग लागली. एक जण ए-एल-आय लिहायचा, त्यावरून कधी भांडण झालेलं आठवत नाही. हाल झाले ते विठ्ठलाचे. तीन घरांत मावेना म्हणून एका भक्ताने त्याचं व्ही-आय-टी केलं होतं. ते वाचून मला दर वेळी विटीदांडू आठवे.

मी ए-ए-ए लिहून मोकळा व्हायचो. नास्तिक म्हणून नव्हे, भित्रा म्हणून.

आम्ही निफाडकडचे बौद्ध. आडनाव मात्र दोन्हीकडे चालणारं. शहरात खोली शोधताना घरमालकांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी त्यांच्या मनाने काय ते ठरवलं आणि मी गप्प बसलो. एवढंच माझं खोटं. पण ते रोज नव्याने बोलावं लागे. घरमालकीण काकू सत्यनारायणाचा प्रसाद आणून द्यायच्या, 'एकटे राहता, जेवलात का?' म्हणून विचारायच्या. अख्ख्या शहरात मला हे विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. म्हणून जीव घाबरायचा. खोली गेली असती तर दुसरी मिळाली असती, पण 'जेवलात का' हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नसता. ऑफिसात मी कुणाला घरी बोलावत नसे आणि कुणाच्या घरी जात नसे. रविवार तर खायला उठायचा. मग मी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा गाळ्यात जायचो.

अशाच एका रविवारी गाळा रिकामा होता. माझे गुण चांगले झाले. काय वाटलं कुणास ठाऊक, मी मशीनची दांडी फिरवून जे, बी, एम अशी अक्षरं लावली. जय भीम. शेठनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पेपर वाचायला घेतला.

दुपारी परत गेलो तर माझ्या जे-बी-एमच्या वर आणखी एक जे-बी-एम!

मी रडायचाच बाकी होतो. या शहरात कुणीतरी मला ओ दिली होती. मी पुन्हा खेळलो आणि त्याच्या वर गेलो. वीज गेली की यादी पुसली जायची, आमचं पुन्हा पहिल्यापासून सुरू. असे सहा-सात रविवार गेले. माणूस कधी दिसला नाही, तरी मी आठवडाभर त्याच्याशी मनात गप्पा मारायचो. कुठल्या गावचे, काय करता, तुम्हीही असेच गप्प राहता का?

आणि एका रविवारी तो दिसला. चाळिशीचा, चष्मा, खांद्याला शबनम पिशवी. दांडी जपून फिरवत अक्षरं लावत होता. जे. बी. एम. मी दारातच थांबलो. तेवढ्यात पाठीमागून हाक आली, 'अरे, तुम्ही इथे?' घरमालक काका. हातात भाजीची पिशवी. गंमत बघायला तेही आत आले.

'शेठ, हा वरचा जे-बी-एम कोण आहे हो?' चष्मेवाल्याने विचारलं. 'किती दिवस शोधतोय.'

'हे काय, तुमच्या मागंच उभे आहेत की!'

तो वळला. त्याचा चेहरा असा फुलला, की माझ्याकडे पाहून तसा कुणाचा फुललेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. हात वर करून तो म्हणाला, 'जय भीम, साहेब!'

काका माझ्याकडे बघत होते.

'नाही हो,' मी म्हणालो, 'ती माझ्या नावाची अक्षरं आहेत.' आडनाव म वरून होतं, आणि बाकीची दोन अक्षरं काकांनी कधी विचारली नव्हती.

त्याचा हात खाली आला. त्याला सगळं समजलं होतं, याची मला आजही खात्री आहे. मग त्याने दोन्ही हात जोडले, 'बरं. नमस्कार' म्हणाला आणि शबनम सावरत निघून गेला.

घरी जाताना काका म्हणाले, 'तुम्हाला त्यांच्यातले समजला की तो!' आणि हसले. मीही हसलो.

पुढचे कितीतरी रविवार मी सकाळपासून गाळ्यात उभा राहिलो. माझी अक्षरं यादीत वर असायची. खाली राम, साई, विटी. तो आला नाही.

दिवाळीला गावी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. मला पाहून नेहमीसारखे म्हणाले, 'जय भीम.'

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

'काय रे, घसा बसला का?' ते म्हणाले. 'लय थंड पाणी प्यायला आसशील तिकडं.'

मी 'हो' म्हणून मान हलवली.