उकळलेल्या तारा

आभाळ चार दिवस झाले ना पडत होतं ना उघडत होतं. असल्या हवेत लॉन्ड्रीतली वाफ बाहेर जायचं नाव घेत नाही. छताला डोकं टेकून परत खाली येते आणि माणसांच्या मानगुटीवर बसते. दाजींनी आल्या आल्या हॉटेलच्या चादरींचा पहिला ढीग टबात लोटला आणि रबरी हातमोजे कोपरापर्यंत ओढून घेतले. पिळायच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या मावशींना तेवढंच हवं होतं.

"आले का राणीसरकार? जपा हो, बोटं विरघळतील."

दाजी नुसते हसले. समजावून सांगायचे दिवस कधीच सरले होते. बेस गिटारच्या तारा दोरीसारख्या जाड. त्या दाबायच्या तर बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडलेले लागतात. ते घट्टे पाण्यात मऊ पडले की तार मांसात रुतते आणि बोट कचरायला लागतं. लॉन्ड्री पोटासाठी होती. घट्टे कशासाठी होते ते मावशींना सांगून काय उपयोग.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. ते बेस वाजवायचे तो बँड त्यांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या पाठच्या भावाचा. गायचाही तोच, सुपाऱ्या घ्यायचाही तोच. तो दाजी म्हणायचा म्हणून कीबोर्डवाला, साउंडवाला आणि वयानं वडील असलेला ड्रमवालासुद्धा दाजीच म्हणायला लागला. मेहुणा गायला शिकत होता तेव्हा ठेका म्हणजे काय हे दाजींनीच त्याला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटं आपटून शिकवलेलं. "समेवर पड," ते म्हणायचे. "बाकी वेळ कुठं उंडारायचं तिथं उंडार. समेला मात्र घरी ये."

हे शिक्षण त्यांनी घेतलं होतं घासून घासून पांढऱ्या पडलेल्या कॅसेटींवरून. फंक नावाचं नाचतं संगीत वाजवणारे ते परदेशी बेसवाले त्यांना सख्ख्या काकामामांसारखे. त्यातला एक म्हणे एकाच बोटानं सगळं वाजवायचा आणि तारा कधी बदलायचा नाही. दुसऱ्याची गोष्ट तर ते जेवणारा माणूस घास धरून थांबेल अशी सांगत: हा आपल्या आईबरोबर वाजवायचा, ड्रमवाला निघून गेला, तर ह्यानं अंगठ्यानं तार ठोकायला आणि बोटानं उपसायला सुरुवात केली, आणि ड्रमची उणीव त्या एका अंगठ्यानं भरून काढली. दाजींचा अंगठाही तसाच ठोकायचा. दोन सुरांच्या मध्ये ते डाव्या हातानं तार नुसती झाकून तिच्यावर मुक्या टिचक्या मारायचे. सूर नाही, फक्त खट्ट. कुणाला ऐकूही येत नाही, पण नाचणाऱ्याच्या गुडघ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं.

तारा मात्र बदलाव्या लागतातच. घामानं मेल्या की त्यांचा आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा येतो, आणि नवा संच घ्यायचा तर बाहेरून मागवावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात दाजींनी बेसवाल्यांचा जुना उपाय केला. तारा काढल्या, वेटोळी केली आणि पाण्यात व्हिनेगर घालून बायकोच्या मोठ्या पातेल्यात खळखळून उकळल्या. पाणी गटारीसारखं झालं. बायकोनं ते पातेलं पुन्हा अन्नाला लावलं नाही.

पण काय फरक पडला! पुढच्याच कार्यक्रमात बेस असा भरून आला की हॉलच्या काचा थरथरल्या. दाजींनी महिनाभर ज्याला त्याला तारा उकळण्याची कृती सांगितली. लॉन्ड्रीत मावशींना सांगितली, तर त्या म्हणाल्या, मीठ किती घालायचं? बायको एकदा हॉलवर येऊन ऐकून गेली. छान येतो आता आवाज, म्हणाली. दाजी त्या रात्री उताणे पडून छताकडे बघत हसत होते.

शनिवारी लॉन्ड्रीतून आल्यावर दाजी खाटेच्या कडेला बसून दुसऱ्या दिवशीची गाणी घोटत होते आणि आभाळानं एकदाचं मनावर घेतलं. बायको मोरीतून ओरडली, दोरीवरचे कपडे. दाजींनी गिटार खाटेवर ठेवली आणि धावले. वायर गिटारीतच राहिली. त्यांच्या गिटारीच्या पाठीत एक चौकोनी बॅटरी होती, आणि वायर खोचलेली असली की वाजवा न वाजवा, ती बॅटरी जळत राहते. ह्याच कारणावरून त्यांनी नवशिक्यांना किती वेळा झापलं असेल. ती बॅटरीही जुनीच. कपडे आत आले, चहा झाला, गिटार सकाळपर्यंत तशीच पडून राहिली.

रविवारी दुपारी कुणाच्या तरी लग्नाची मेजवानी होती. तिसरं गाणं धावतं होतं, अंगठ्याचं, दाजींचं लाडकं. दुसऱ्या कडव्यात त्यांच्या गिटारीचा आवाज घोगरा झाला. मग चिरकला. मग पाठीमागचं स्पीकरचं खोकं साफ मुकं झालं. बॅटरी, हे त्यांना तत्क्षणी कळलं. भर गाण्यात बेस गेला म्हणजे हॉलखालची जमीनच गेली. सवयीनं बोटं चालूच होती. आता नाचणारे अडखळतील, आता मेहुणा मागं वळून बघेल.

कुणी अडखळलं नाही.

बेस चालू होता. समोरच्या मोठ्या स्पीकरांतून भरून, दणकट येत होता. दाजींना आधी वाटलं, कानात राहिलेला असेल. त्यांनी पायातली चप्पल सरकवून तळवा स्टेजच्या फळीवर टेकवला. फळी हलत होती. त्यांनी उजवा हात थांबवला. बेस थांबला नाही. प्रत्येक समेवर तो बरोबर पडत होता, घोटून पुसून काढल्यासारखा. मुक्या टिचक्या त्यात नव्हत्या. खाली एक बाप लहान पोरीला आपल्या पायांवर उभी करून नाचवत होता, आणि टिचक्यांवाचून त्यांचं काहीच अडलं नव्हतं.

दाजींनी साउंडवाल्याकडे बघितलं. तो बटणांकडे बघायला लागला. त्याला तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मग दाजींनी जे केलं ते त्यांना स्वतःलाच नंतर पटेना. त्यांनी बोटं परत हलवायला घेतली. गिटारीच्या पिशवीत बदलीची बॅटरी होती, दोन गाण्यांच्या मध्ये ती घालता आली असती, घातली नाही. मेजवानी संपेपर्यंत मेलेल्या तारांवर अंगठा ठोकत उभे राहिले, मान डोलावत, ड्रमवाल्याकडे बघून हसतसुद्धा.

सामान टेम्पोत चढवताना त्यांनी मेहुण्याला बाजूला घेतलं. "कधीपासून?"

मेहुण्यानं वेड पांघरलं नाही. कीबोर्डवाल्यानं बेस आधीच कीबोर्डात भरून ठेवलेला असतो, तोच बाहेर जातो. दाजींचा आवाज फक्त त्यांच्या मागच्या खोक्यातून त्यांच्यापुरता येतो, असं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं.

"तारा उकळल्या त्याच्या आधी की नंतर?"

मेहुण्याला क्षणभर प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याचा चेहरा पडला. "त्याच आठवड्यात, दाजी."

"का?"

"तुम्ही समेला उशिरा येता. केसभरच. पण नाचणाऱ्याला केस पुरतो. हे तुम्हीच शिकवलंत."

"मला सांगायचंस."

"ताईला सांगितलं होतं."

बायकोनं दारातच ओळखलं. ती निवडत असलेली डाळ बाजूला सारून म्हणाली की भाऊ नवा माणूस बघत होता, तेव्हा तिनंच हातापाया पडून नको म्हटलं. तुम्हाला काढलं असतं तर तुम्ही त्या खाटेवरून उठला नसता, ते कुणाला बघवणार होतं? उभे असू देत तिथं, असं म्हटलं त्याला.

"आवाज छान येतो म्हणालीस."

"येत होता ना. छानच येत होता." तिनं पदराच्या टोकानं परातीची कड उगाच पुसली. "तुम्हाला कळणार नाही असं वाटलं मला."

दाजींनी संध्याकाळी भिंतीवरचं घड्याळ काढून खाटेवर ठेवलं आणि त्याच्या टकटकीवर अंगठा टाकत बसले. टक, ठोक. टक, ठोक. त्यांना सगळं बरोबर वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, श्वास धरून ऐकलं. तरी बरोबरच. उशीर कुठं होतो तेच सापडेना. तो सापडता तर घासून काढता आला असता. उन्हातान्हात, वाफेत, चालता बोलता घासला असता त्यांनी. स्वतःचा उशीर स्वतःला ऐकूच येत नव्हता, आणि इतके महिने तो ऐकू आला नाही म्हणून ते सुखात होते. बायकोला विचारावं म्हणून त्यांनी वर बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती. विचारलं नाही. घड्याळ खिळ्याला लावलं, वायर उपसून गुंडाळली आणि गिटार तिच्या पिशवीत घातली. पुढच्या रविवारी टेम्पो नेहमीच्या वेळी येईल, असा मेहुण्याचा निरोप बायकोनं सांगितला.

सोमवारी आभाळ परत तसंच, तोंड फुगवून बसलेलं. दाजींनी चादरींचा ढीग टबात लोटला आणि उघडे हात गरम पाण्यात घातले, कोपरापर्यंत. मावशींनी वळून बघितलं. हातमोजे खुंटीवरच लटकत होते.

"अहो, पाणी गरम आहे," त्या म्हणाल्या. राणीसरकार म्हणाल्या नाहीत.

"असू दे."

दुपारपर्यंत बोटांचे शेंडे सुजून पांढरे पडले, कडेनं कातडीचे पापुद्रे सुटायला लागले. दाजींनी ते अंगावर पुसले. वाळलेल्या चादरींचा ढीग टेबलाशी येऊन पडला होता, आणि चादरीची घडी एकट्यानं होत नाही. त्यांनी दोन कोपरे धरले, दुसरी बाजू मावशींकडे भिरकावली.

"धरा नीट. मागच्या खेपेला वाकडी घातली होतीत."