माझ्याच वर्गातली माझी मुलगी

आंदर मावळातल्या एकशिक्षकी शाळेवर मी होते. पहिली ते चौथीची सगळी पोरं एकाच खोलीत, आणि त्यांत माझी मुलगी. ती एका जागी बसत नसे. पाढा अर्ध्यावर टाकून दाराशी जाई, माझा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडे, आणि साध्या बेरजेत हातचा विसरे. एक पालक मला तोंडावर म्हणाले, "बाई, आमच्या पोरांना छडी, आन् तुमच्या पोरीला न्हाई व्हय?" त्या दिवसापासून तिला सगळ्यांपेक्षा एक छडी जास्त बसू लागली.

आमचे हे लोणावळ्याला रेल्वेत होते. एका शनिवारी घरी आले, तेव्हा तिला भाकरी मोडता येईना. त्यांनी तिचा तळवा पाहिला. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हिला पुण्याला दाखवू."

पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्यापुढे लाकडी ठोकळे मांडले, चित्रं दाखवली, तास-दीड तास तिच्याशी बोलले. मग मला म्हणाले, "बुद्धी उत्तम आहे. लक्ष टिकत नाही, ते तिच्या हातात नाही. पुढे बसवा, काम थोडं थोडं द्या, मध्ये उठू द्या. मारू नका." शाळेसाठी म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

परतताना गाडीत तिने विचारलं, "माझ्या हातात नव्हतं, मग तू का मारायचीस?"

"मला माहीत नव्हतं गं."

"मी सांगत होते की."

पुढची दोन वर्षं मी डॉक्टरांचं ऐकलं. दोन गणितं झाली की ती फळा पुसायची, पाणी भरायची, आणि परत येऊन बसायची. चौथी चांगल्या गुणांनी पास झाली. पाचवीला वडिलांजवळ लोणावळ्याला गेली. तिथल्या वर्गशिक्षकांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्या हातात परत दिली. "तुम्ही स्वतः शिक्षिका असून असे लाड करता?"

वर्षभर ती वर्गाबाहेर उभी असायची, हे मला फार उशिरा कळलं. सातवीत दोनदा नापास झाली आणि शाळा सुटली. पुढे मावळातल्याच इंदुरी गावात तिचं लग्न झालं.

नातू सहा वर्षांचा झाला तेव्हा मी म्हटलं, "सुट्टीत माझ्याकडे ठेव, अक्षरं गिरवून घेते."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको आई."

मी कारण विचारलं नाही.