हाती लागेल तो उंदीर

उंदीरघराचा वास ॲप्रन धुतल्यावर जातो, हातांचा जात नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या त्या वर्षी मी भाकरीसुद्धा चमच्यानं खायचा प्रयत्न केला.

प्रबंधाचा विषय मात्र भारदस्त होता. खूप रक्त गेलं की रक्तदाब कोसळतो, माणूस शॉकमध्ये जातो. तेव्हा हायड्रोजन वायू हुंगवला तर जीव वाचतो का? त्यासाठी भूल दिलेल्या उंदरांचं रक्त काढायचं, रक्तदाब पाडायचा, मग निम्म्यांना साधी हवा आणि निम्म्यांना किंचित हायड्रोजन मिसळलेली हवा द्यायची. कोण तगतं ते पाहायचं. रोज हेच. शिसारी यायची.

उंदीर धरून द्यायला एक मामा होते, फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारे. त्यांचा धाकटा भाऊ अपघातात रक्त जाऊन संभाजीनगरला पोचायच्या आतच गेला होता. त्यामुळे माझा प्रयोग त्यांना घरचाच वाटायचा.

नळ्या बदलायचा कंटाळा, म्हणून मी सकाळी साध्या हवेचे सगळे उंदीर उरकायची आणि दुपारी हायड्रोजनचे. हायड्रोजनवाले जास्त तगत होते. मी खुशीत होते. एक दिवस मामा सहज बोलून गेले, "मॅडम, जे मरगळून बसल्यालं असतंय ते सकाळीच घावतंय. चपळ लेकाचे लई पळवत्यात, ते दुपारीच हाती लागत्यात."

दुबळे सगळे साध्या हवेला, धट्टेकट्टे हायड्रोजनला! चिठ्ठ्या टाकून वाटायचे उंदीर मी हाती लागतील तसे घेतले होते. सगळं मुसळ केरात.

मार्गदर्शक सर उंदीरघराकडे फिरकतही नसत, उंटावरून शेळ्या हाकायचे. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचं बिस्कीट चहात पडलं होतं. ते त्यांनी बोटानं काढलं, बोट चोखलं आणि म्हणाले, "गेल्या वर्षीच्या प्रबंधात ‘उंदीर चिठ्ठ्या टाकून वाटले’ असं वाक्य आहे, ते उतरवून घे. सगळ्यांचं तेच असतं."

मला त्या माणसाची किळस आली. आणि त्याच आठवड्यात मी ते वाक्य उतरवलं. परीक्षा तोंडावर होती, वर्ष वाया गेलं असतं, घरचे काय म्हणाले असते. कारणं ढीगभर होती. सरांची किळस निदान त्यांच्या खोलीचं दार लोटलं की संपायची.

प्रबंध बांधून आला तेव्हा मामांनी तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. "मॅडम, माझ्या भावावाणी कुणी आलं, तर ह्याचा उपेग हुईन ना? समदं बरूबर झालं ना?"

"हो मामा," मी म्हणाले, "सगळं बरोबर झालं."

त्यांनी पिशवीतून पुडा काढून माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो त्यांच्यासमोरच खाल्ला.