पितृपक्षातलं अंदमान

"पहिले काहून ते इचार, भाऊ. कवा ते मंग."

माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवून ती असं म्हणायची आणि माझं डोकं फिरायचं. अमरावतीत इतकी वर्षं मी लोकांना सहलीला पाठवतोय, आणि कुठं, कधी, का जावं हे मला झेंडूवालीनं शिकवायचं? अंबादेवीच्या रस्त्यावर तिची टोपली, समोर माझं ऑफिस. चांदूर बाजाराकडच्या आपल्या शेतातला झेंडू ती स्वतः विकायची. तुम्हीही तिच्याकडून हार घेतला असेल, आणि भाव पाडून मागितला म्हणून बोलणीही खाल्ली असतील.

तिला अंदमानला जायचं होतं. तेही पितृपक्षात!

"मावशी, तवा तिथं पाऊस रायते. बोटी बंद पडतात. जानेवारीत चाला, मस्त ऊन रायते. जुना तुरुंग बी निवांत पाहून होते."

"ऊन त माया वावरात बी लय हाये."

मला वाटायचं, पितृपक्षात फुलं खपत नाहीत, बाई रिकामी असते, म्हणून हा हट्ट. तीन वर्षं मी तिला टोलवलं. चौथ्या वर्षी जास्तीचा शहाणपणा केला. तिच्या मुलीला गाठलं आणि मायलेकींची जानेवारीची तिकिटं काढूनच मावशीच्या हातात ठेवली.

"कोणाले इचारून काढली?"

एरवी रस्ताभर ऐकू जाणारा आवाज एकदम खाली आला. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि तिनं सांगितलं. तिचा आजा बांधाच्या भांडणात एकाचा जीव घेऊन बसला होता. त्याला काळ्या पाण्यावर पाठवलं, तेव्हा तिचा बाप पाळण्यात होता. पुढं आज्याची काहीच खबर आली नाही. आता कदाचित जिवंत असलेल्या माणसाच्या नावानं पितरांचं पान कसं वाढायचं? म्हणून वाढलंच नाही. बाप जन्मभर वाट पाहत राहिला आणि जाताना लेकीला म्हणाला, "माया बापाले कोणी जेव म्हटलं नाई."

"मले भाऊ नाई. मीच हाओ. आता सांग, जानेवारीत पितर येतात काय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिच्यासमोरच तिकिटं फाडली. त्यापुढच्या पितृपक्षात मायलेकींना घेऊन मी स्वतः निघालो.

तरी माझी खोड गेली नाहीच. सर्वपित्री अमावस्येला तुरुंगात आज्याचं पान वाढायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी कार्यक्रम मोकळा होता. म्हटलं, शेजारचं छोटं बेट दाखवून आणू. मावशी नको म्हणत होती. गेलो, आणि संध्याकाळी समुद्र खवळला. बोटी बंद. तिथल्याच लॉजवर मुक्काम पडला.

सर्वपित्रीच्या पहाटे तिनं लॉजच्या आचाऱ्याला बाजूला सारून खीर, वडे, कढी केली, डब्यात भरली आणि धक्क्यावर जाऊन बसली. बोट सुटेना. पितर जेवल्याशिवाय ती तोंडात काही घालणार नव्हती, आणि तिला साखरेचा आजार. नऊ वाजले, दहा वाजले. तिचे हात थरथरायला लागले.

"मावशी, घोटभर चहा घ्या."

"त्यायच्या पहिले?"

डबा मांडीवर घेऊन ती माझ्याकडं पाठ करून बसली. दुपार टळली की पान चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मुलगी रडकुंडीला आली. मी खिशात साखरेची पुडी धरून येरझारा घालत होतो. आधी तीन वर्षं घालवली, आता हा दिवसही माझ्यामुळंच हातचा जाणार होता.

बारा वाजून गेल्यावर बोट सुटली. दुपार टळायच्या आत तुरुंगाच्या दारात पोचलो, तेव्हा पाऊस कोसळत होता. पहारेकऱ्यानं डबा पाहिला.

"खाना अंदर नहीं जाएगा."

मी भांडलो, हात जोडले. तो तरी काय करणार, नियम तो नियम. मावशीनं माझी बाही ओढली.

"राहू दे, भाऊ. मी आत जातच नाई. त्यायलेच बाहीर बोलावते."

तिनं दाराच्या पायरीवर केळीचं पान मांडलं. मुलीनं वर छत्री धरली. खीर, वडे, कढी वाढून झाल्यावर ती उठून उभी राहिली आणि झेंडू विकताना लावायची तोच आवाज लावला,

"आबाजी! बाहीर या. सोडलं तुमाले. जेवाले या!"

पहारेकऱ्यानं दाराची अर्धवट लोटलेली फळी पूर्ण उघडली आणि बाजूला झाला. मला रडू आवरलं नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही.

मग तिनं चहा घेतला, अर्धा वडा खाल्ला. सहलीचे दोन दिवस अजून बाकी होते. मी म्हटलं, "उद्या पाऊस उघडला का समुद्र पाहून घेऊ."

"आता काहून?" ती म्हणाली. "चाल घरी. दसऱ्याचा झेंडू तोडाचा हाये."

तो दसरा तिनं केला. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आता टोपलीजवळ मुलगी बसते.

यंदाच्या सर्वपित्रीला मुलीनं मला घरी बोलावलं. दोन पानं वाढली होती, एक आबाजींचं, एक मावशीचं. पानं घेऊन आम्ही अंगणात उभे राहिलो. हाक मारायची होती, पण मुलीनं मला पुढं केलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मावशी," मी हाक मारली, "आबाजीले घेऊन या. जेवाले या."